वारा दुप्पट, जोर चौपट

‘वारा जोराचा आहे ना, मग जड शिसं लाव.’ गरवणाऱ्याला हा सल्ला कुठल्याही किनाऱ्यावर मिळतो. आमिष तळाला टेकवून माशाची वाट पाहायची असेल, तर तो बरोबरही आहे. पण ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या खाड्यांत कयाकमध्ये, म्हणजे लांबट अरुंद होडीत, बसून ब्रीम धरण्याच्या ज्या स्पर्धा होतात, तिथे या सल्ल्याने माणूस रिकाम्या हाताने परततो. त्याचं कारण दोरीत आहे.

आधी मासा पाहू. ब्रीम चपट्या अंगाचा, रुपेरी, पाठीवर काटेरी पर असलेला मासा. कालवं आणि शिंपल्या फोडणारे भक्कम दात आणि स्वभाव कमालीचा संशयी. ऑस्ट्रेलियात पिवळ्या परांचा आणि काळा असे दोन ब्रीम मुख्य. त्यांच्या अकॅन्थोपॅग्रस या प्रजातीचे भाऊबंद आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांतही आहेत. स्पर्धेत खरं आमिष चालत नाही, मऊ प्लॅस्टिकची नकली कोळंबी किंवा अळी लावतात. तिच्या तोंडाशी गळ ओतलेलं शिशाचं डोकं असतं, बऱ्याचदा 1.8 ग्रॅमचं. दिवसअखेर तीन जिवंत माशांचं एकत्र वजन करतात आणि मासे परत सोडतात.

ब्रीम हे आमिष बहुतेक वेळा ते खाली बुडत असताना घेतो. संथ, डुलत खाली येणारी वस्तू त्याला जिवंत वाटते, धोंड्यासारखी पडणारी वाटत नाही. म्हणून शिसं वाढवणं अंगाशी येतं. दुप्पट वजनाचं आमिष साधारण 1.4 पट वेगाने पडतं. ब्रीमचा संशय जागा व्हायला तेवढं पुरतं आणि वाऱ्याचा प्रश्न तसाच उरतो.

आता तो प्रश्न मोजून पाहू. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 10 नॉटचा वारा 20 नॉट झाला की वेग दुप्पट होतो, पण जोर चौपट. 20 नॉट म्हणजे ताशी 37 किलोमीटर, सेकंदाला 10 मीटरच्या थोडं वर. पाण्यावर सगळीकडे पांढरे तुरे दिसू लागतात तो हा वारा. विणलेली दोरी साधारण 0.1 मिलिमीटर जाडीची. 20 मीटर दोरी हवेत आडवी धरली तर वाऱ्यासमोर 20 चौरस सेंटिमीटर येतात, काड्यापेटीच्या वरच्या बाजूपेक्षा किंचित जास्त. त्यात इतक्या बारीक तंतूभोवती हवा चिकटल्यासारखी वाहते, त्यामुळे आकाराच्या मानाने विरोध मोठा होतो. हिशेब केला तर त्या दोरीवर सुमारे 18 ग्रॅम वजनाइतका जोर पडतो. निम्मा भार काठीचं टोक पेलतं, निम्मा आमिषाच्या बाजूला येतो. म्हणजे 9 ग्रॅमचा आडवा ओढा आणि समोर 1.8 ग्रॅमचं शिसं! आमिष सरळ खाली जाणारच नाही. दोरीला मोठं पोट सुटतं, आमिष तिरकं ओढलं जातं. त्याहून वाईट म्हणजे, माशाने हलकेच तोंड लावलं तर तो धक्का त्या पोटातच जिरतो, बोटापर्यंत पोचत नाही.

यावर उपाय म्हणजे दोरी हवेतून पाण्यावर आणणं. फेक कमी उंचीची ठेवायची. आमिष पाण्याला लागलं रे लागलं, की काठीचं टोक पाण्यापर्यंत खाली आणायचं आणि रिळाचे एक-दोन वेढे घेऊन ढील काढायची. पाण्याशी घर्षण होत असल्याने पृष्ठभागालगत वारा मंद असतो. शिवाय भिजलेली दोरी पाण्याला धरून राहते. पाणी हवेच्या आठशेपट घन आहे, दोरी त्यातून सहजी सरकत नाही. मग पाण्यावर पडलेल्या दोरीवर नजर ठेवायची. ती अचानक दोन बोटं पुढे सरकली किंवा बुडता बुडता थांबली, तर तो ब्रीम समजायचा. बारीक दोरीचाही उपयोग होतो. जाडी निम्मी केली तर जोर जवळपास निम्म्यावर येतो. पण कालवांच्या धारेला ती लवकर तुटते.

फेक वारा वाहत जातो त्या दिशेने करावी. वारा दोरीला समांतर गेला की पोट सुटत नाही. पण मग कयाकच आमिषावर चालून जाते. पाण्याखालचा आणि वरचा विरोधी भाग सारखाच धरला, तरी वाहण्याचा वेग वाऱ्याच्या 29 व्या भागाइतका येतो, कारण आठशेचं वर्गमूळ जवळपास तेवढंच आहे. 20 नॉटला हे मिनिटाला 21 मीटर होतात. 20 मीटर दूर फेकलेलं आमिष मिनिटभरात तुमच्या मांडीखाली! म्हणून मागच्या टोकाला पाण्यात कापडी नरसाळं, म्हणजे ड्रोग, सोडतात. पण वर्गाचा नियम इथेही पाठ सोडत नाही. वेग निम्मा करायला पाण्यातला विरोध चौपट लागतो, त्यामुळे वीतभर तोंडाच्या ड्रोगने काही होत नाही. 60 सेंटिमीटर तोंडाचा घ्यावा. तो मागे बांधला की नाळ, म्हणजे पुढचं टोक, वारा जातो त्या दिशेला राहते आणि समोर बिनअडथळा फेकता येतं.

नांगर किंवा ड्रोग कयाकच्या बाजूच्या कडेला कधीही बांधू नये. दोर ताणला की ती कड खाली दबते, लाट वरून आत येते आणि कयाक उलटते. तो नाळेवर किंवा मागेच हवा. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडावा. दोर आखूड राहिला की ओढ वरच्या बाजूला लागते आणि नांगर उचकटतो.

पायाने चालणाऱ्या कयाकमध्ये हात मोकळे राहतात. होबी या कयाक कंपनीने 1997 मध्ये आणलेल्या यंत्रणेत खाली दोन लवचिक पंख आडवे हेलकावतात. उथळ गवतात मात्र ते अडकतात. अशा वेळी एक पेडल पूर्ण पुढे ढकलायचं, म्हणजे पंख कयाकच्या बुडाला चिकटून बसतात.

हवेचा दाब उतरला की मासा तोंड उघडत नाही, असं छातीठोक सांगणारे खूप आहेत, आता त्यासाठी ॲपही विकतात. साधा हिशेब करा. दाब 10 हेक्टोपास्कलने घसरणं मोठं मानतात. तेवढा फरक 10 सेंटिमीटर पाण्यानेही पडतो. ब्रीम एक हात वर आला तरी त्याहून जास्त दाब बदलतो, आणि डोक्यावरून जाणारी प्रत्येक लाट दाब बदलते. वाऱ्याने माशाचं वागणं बदलतं, पण वेगळ्या कारणाने. लहरींनी प्रकाश फुटतो, वरची सावली धूसर होते आणि वारा ज्या काठावर आदळतो तिथला गाळ ढवळून खेकडे-कोळंबी उघड्यावर येतात. न्यू साउथ वेल्समधल्या सेंट जॉर्जेस बेसिनसारख्या सुमारे 40 चौरस किलोमीटरच्या उथळ खाजणात म्हणूनच तोच फेसाळता, गढूळ काठ आधी धरावा, आडोशाचा नितळ काठ नंतर.

धरलेले ब्रीम मागच्या टाकीत जिवंत ठेवतात. टाकी पूर्ण भरावी. अर्धी भरली तर हेलकाव्यासरशी पाणी एका बाजूला धावतं, आणि नेमकी कलणारी बाजूच जड होते.