बाभळीचा ओंडका एका उन्हाळ्यात वाळतो का?

"ओंडका सालीसकट अंगणात टाका, मराठवाड्याच्या उन्हात एका उन्हाळ्यात फर्निचरजोगा वाळतो," असा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो. आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, त्यामुळे तो पटणं साहजिक आहे. पण जाड ओंडका असा वाळत नाही.

लाकडातलं पाणी रेषांच्या दिशेने, म्हणजे कापलेल्या टोकांतून, भराभर निघतं. बाजूने फार हळू, आणि साल असेल तर त्याहून हळू. त्यामुळे टोकं आकसतात आणि गाभा ओलाच राहतो. त्यातच लाकूड घेराच्या दिशेने, गाभ्याकडच्या दिशेपेक्षा, साधारण दुप्पट आकसतं. म्हणून टोकावर चिरा पडतात. त्या पाहून अनेकांना ओंडका वाळला असं वाटतं. चीर फक्त वरचा थर आकसल्याचं सांगते.

खात्री घरीच करता येते. टोकापासून हातभर आतली पातळ चकती कापून लगेच वजन करा. मग १०० अंशांच्या जरा वर ठेवलेल्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. आधी १३० ग्रॅम आणि नंतर १०० भरली, तर ओल वाळलेल्या वजनाच्या ३० टक्के. घरातल्या फर्निचरला १२ टक्क्यांच्या आसपास हवी.

सुताराकडून लवकर फळ्या चिरून घ्या, टोकांना जाड रंग फासा आणि मध्ये पट्ट्या ठेवून सावलीत, वाऱ्यावर रचा. इंचभर जाडीला अंदाजे वर्ष धरतात. तरी शेवटी वजनावरच विश्वास ठेवा. जळणासाठी मात्र ओंडका फोडून उन्हात टाकला तरी चालतो, तिथे चिरांनी काही बिघडत नाही.