रसाचा नमुना आणण्याआधी

उसाचा किंवा फळांचा न तापवलेला रस प्यायल्यावर जुलाब-उलट्यांची तक्रार आली, की रसवंतीवाले, कॅन्टीनवाले, सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या लॅबकडे धावतात. हातात असतो त्याच सकाळी काढलेला ताजा रस. तोवर चरक ब्लीचिंग पावडरने घासून झालेला, कालचा रस मोरीत! अशा नमुन्यात काही सापडलं नाही, तर त्यावरून कालच्या रसाबद्दल काहीच कळत नाही. म्हणून रिपोर्टवर आम्ही ‘नमुना तक्रारीनंतर काढलेला’ असं लिहितो. त्यावरून वाद घालू नये.

तक्रार येताच विक्री थांबवा, पण धुणं-पुसणं नमुने घेतल्यावरच. उरलेला रस त्याच भांड्यातून आमच्या निर्जंतुक बाटलीत घ्या, शक्यतो ५०० मिली. बर्फ वेगळ्या पिशवीत, टाकीचं पाणी वेगळ्या बाटलीत. पाण्याच्या बाटलीत तळाशी दिसणारं सोडियम थायोसल्फेट क्लोरीन मारण्यासाठी असतं. घाण समजून विसळू नका, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारतं. चरकाचे रोलर आणि गाळणी यांचे स्वॅब आमचा माणूस येऊन घेईल. नमुने फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको: गोठल्यावर बरेच जंतू मरतात. २४ तासांत पोहोचवा.

‘आंबट रसात जंतू कसे जगतील?’ हे रोज ऐकतो. अमेरिकेत १९९६ साली पाश्चरीकरण न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७ या जंतूची साथ पसरली, एक बाळ दगावलं. सफरचंदाचा रस आंबटच असतो.

शेवटच्या ग्लासावरच बोट ठेवू नका. स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषाने १ ते ६ तासांत उलट्या होतात, साल्मोनेला जंतूला ६ तास ते ३ दिवस, तर ओ१५७ ला बहुधा ३-४ दिवस लागतात. आजारी आणि ठणठणीत, दोघांनीही चार दिवसांत काय खाल्लं-प्यायलं, ते वेळेसकट लिहून आणा. आजारी व्यक्तीच्या शौचाचा नमुना डॉक्टरांना विचारून, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावा.

रिपोर्ट उद्या मिळणार नाही. साल्मोनेलासाठी २५ मिली रस २२५ मिली पोषक द्रावात रात्रभर वाढवायचा, मग इतर जंतूंना दाबणाऱ्या निवडक माध्यमात, मग प्लेटवर, मग उगवलेला जंतू तोच असल्याची खात्री. पाच दिवस धराच. घाईने दिलेला ‘निगेटिव्ह’ आम्हाला परवडत नाही. कायदेशीर कारवाईसाठी मात्र सहसा अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी घेतलेला नमुना लागतो.

बाटल्या लॅबमधून विनामूल्य मिळतात. रसवंतीवाल्यांनी उन्हाळा लागण्याआधीच दोन संच नेऊन ठेवावेत.