कॉर्नर किक: कोणाला भेटते, बॉल नेमका कुठं ठेवाचा अन् टीमचे कागद कोणते लागतात

गावच्या फुटबॉल टुर्नामेंटमधे कॉर्नर (मैदानाच्या कोपऱ्यातून माराची किक) भेटला की अर्धं पब्लिक त्या कोपऱ्यात धावते अन् "बॉल बाहेर आहे, बॉल बाहेर आहे" सुरू होते. पंच बिचारा शाळेतला पीटीचा सर असतो, तो कोणाकोणाचं ऐकणार. म्हणून पात्रतेपासून कागदापर्यंत सगळं एकाच जागी लिहून देतो.

आधी पात्रता. बॉल पूर्ण, म्हणजे पुरा गोल गोळा, गोललाइनच्या (गोलपोस्ट ज्या रेषेवर असतात तिच्या) पार गेला पायजे, जमिनीवरून असो का हवेतून, गोल झालेला नसावा, अन् शेवटचा टच बचाव करणाऱ्या टीमचा असावा. अर्धा बॉल रेषेवर असला तं कॉर्नर नाही, खेळ चालूच. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, आपल्याच खेळाडूनं थ्रो-इन (बाजूच्या रेषेवरून हातानं बॉल) फेकला अन् तो कोणाला न लागता थेट आपल्याच गोलात गेला तरी गोल धरत नाही, समोरच्याला कॉर्नर भेटतो. अन् 2025-26 च्या नियमात नवीन आलं ते म्हणजे गोलकीपरनं बॉल हातात 8 सेकंदाच्या वर दाबून ठेवला तं समोरच्या टीमला कॉर्नर. शेवटचे 5 सेकंद पंच हात वर करून बोटावर मोजून दाखवतो. पहिले यासाठी इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट गोल धरत नाही) होती, ती कोणी सहसा देतच नव्हते.

आता बॉल. ज्या बाजूनं गेला त्याच्या जवळच्या कोपऱ्यातूनच मारावा लागते, "आमचा लेफ्टी तिकडं उभा आहे तं तिकडूनच मारतो" असं चालत नाही. कोपऱ्यात झेंड्यापासून 1 मीटरची पाव गोलाई असते, बॉल तिच्यात ठेवाचा, अन् भांडण इथंच आहे कारण लोकांना वाटते बॉल रेषेच्या पूर्ण आत पायजे. नाही भाऊ. रेषा ज्या जागेची हद्द आहे त्या जागेतच मोजतात, म्हणून बॉल रेषेवर ठेवला तं तो आतच. अन् वरून सरळ खाली पाह्यलं अन् बॉलच्या पोटाचा थोडासा भाग रेषेच्या वर येत असला, खालचा टेका बाहेर दिसला तरी तो बरोबरच धरतात. 5 नंबर बॉलचा घेर 68 ते 70 सेंटिमीटर, म्हणजे रुंदी 22 सेंटिमीटरच्या आसपास, तं साइडला उभं राहून पाहणाऱ्याला तो बाहेरच वाटते. वरून पाहूनही पूर्ण बाहेर असला तरच पंचानं मागं घ्यायला लावाचा. बॉल थांबलेला पायजे, लोळत असताना मारला तं पुन्हा मारावा लागते.

झेंडा हलवाचा नाही, उपटाचा नाही, पायात येते म्हणून वाकवाचाही नाही. काठी निदान दीड मीटर उंच अन् वरचं टोक बोथट. आपल्याकडं सरळ बांबू तासून ठोकतात अन् टोकदार बाजू वर ठेवतात, ते धोक्याचं आहे, पोट्टे त्याच कोपऱ्यात घसरत येतात. गोलाई आखाले काही मशीन लागत नाही, झेंड्याला 1 मीटर सुतळी बांधा अन् मैदानाच्या आतल्या बाजूनं फिरवत चुन्याची फक्की मारा. रेषा 12 सेंटिमीटरपेक्षा जाड नको. काळ्या मातीत दव पडलं की चुना पसरते, मंग एका रेषेच्या दोन होतात अन् तिथूनच बोंब सुरू होते, म्हणून मॅचच्या आधी पुन्हा एक हात मारून घ्या.

समोरचे खेळाडू 9.15 मीटर दूर पायजे, पण हे अंतर बॉलपासून नाही, गोलाईपासून मोजाचं. म्हणजे झेंड्यापासून 10.15 मीटरची दोरी घ्या अन् मैदानाच्या बाहेर एक खूण करून ठेवा, नियमात त्याची परवानगी आहे. अंतर सोडत नसला तं पिवळं कार्ड.

बॉल मारला अन् स्पष्ट हलला की खेळ सुरू, गोलाईच्या बाहेर जाण्याची गरज नाही. मारणारा कोणीही चालते, गोलकीपरसुद्धा. पण मधे दुसऱ्या कोणा खेळाडूला न लागता त्यानंच दुसऱ्यांदा पाय लावला, अगदी पोलला लागून परत आला तरी, तं समोरच्याला इनडायरेक्ट फ्री किक. कॉर्नरवरून थेट बॉल भेटला तं ऑफसाइड (बॉलच्या अन् समोरच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढं, गोलकडं असणं) नाही, मात्र शॉर्ट कॉर्नर (जवळच्याच साथीदाराला छोटा पास) देऊन बॉल परत मारणाऱ्याकडंच आला अन् तो ऑफसाइडच्या जागेत असला तं लाइन्समनचा झेंडा वर जाऊ शकते. लोक हे सपशेल विसरतात. कॉर्नरवरून थेट गोल धरतात, 1924 पासून, अन् त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या ओन्झारीनं उरुग्वेविरुद्ध असा गोल टाकला होता.

कागदं. मॅच सुरू होण्याआधी टीमची यादी पंचाकडं गेली पायजे, राखीव खेळाडूंच्या नावासकट, यादीत नाव नसलेला राखीव नंतर उतरवता येत नाही. निदान 7 खेळाडू नसले तं मॅच सुरूच होत नाही. गावच्या टुर्नामेंटला बहुतेक ठिकाणी प्रवेश फी, कॅप्टनचा मोबाइल नंबर अन् सगळ्यांच्या आधारची झेरॉक्स मागतात, "गावचेच खेळाडू" अशी अट असली तं आधारवरचा पत्ता पाहतात. शाळेच्या स्पर्धा 14, 17 अन् 19 वर्षांखालील गटात जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात, त्याले जन्मतारखेचा पुरावा, बोनाफाइड, फोटो अन् मुख्याध्यापकाची सही-शिक्का लागतोच. वयाची कटऑफ तारीख त्या वर्षीच्या परिपत्रकातून पाहा, मागच्या वर्षीची पकडून बसू नका. आधार अन् दाखल्यातलं नाव जुळत नसलं तं ते दुरुस्तीचं काम आधीच करून घ्या, मॅचच्या दिवशी सेतू केंद्रात कोणी भेटत नाही.

खेळाडूच्या पात्रतेवर हरकत असली तं ती बहुतेक टुर्नामेंटमधे लेखी अन् फी भरून घेतात. बॉल गोलाईत होता का नव्हता यावर हरकत घेता येत नाही, खेळातल्या घटनेवर पंचाचाच निर्णय शेवटचा.