वनस्पतींच्या अवयवांची रूपांतरे : शालेय अध्यापन

मूळ, खोड व पान यांची ठेवण त्यांच्या कार्याशी कशी जुळते, हे मुलांना प्रत्यक्ष निरीक्षणातून शिकविण्याची पद्धत. मुळे पाणी शोषतात, पाने अन्न तयार करतात, एवढे प्राथमिक इयत्तांत पुरते. अध्यापनाचा कस लागतो तो नेहमीचे काम सोडून वेगळे काम करणाऱ्या, म्हणजे रूपांतरित, अवयवांपाशी.

जर्मन कवी व निसर्ग-अभ्यासक गटे यांनी १७९० मध्ये पाकळ्या, केसर इ. अवयव हे मूळच्या पानाचीच रूपे असल्याचे मांडले. खेड्यातील शाळेत अशा अभ्यासाचा ठळक प्रयोग साधारणपणे १८५० च्या दशकातला मानला जातो : डार्विनचे गुरू जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो हे इंग्लंडमधील हिचम येथे मुलांकडून फुलांचे विच्छेदन करवून घेत. भारतात १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत सुरू झालेल्या विज्ञानशिक्षण उपक्रमाने प्रयोग व परिसरातील निरीक्षण यांना पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक महत्त्व दिले.

अवयव ओळखण्याची मुख्य कसोटी त्याचे स्थान ही होय. पानाच्या बगलेत, म्हणजे पान व खोड यांमधील कोनात, कळी असते. म्हणून बगलेतून जे उगवते ते सामान्यतः फांदीचे रूप ठरते. बोगनवेलीचा काटा या अर्थाने फांदी आहे. गुलाबाचा काटा केवळ सालीचा उद्भव असून त्याला ठरावीक जागा नसते. फड्या निवडुंगाच्या कोवळ्या फड्यावर लहान, टोकदार खरी पाने काही काळ दिसतात व गळून पडतात. काटे ही त्या पानांच्या बगलेतील आखूड फांदीची पाने होत, हे मत अधिक ग्राह्य आहे. पाठ्यपुस्तकांतील ‘काटे म्हणजे पाने’ हे विधान चूक नव्हे, परंतु अपुरे आहे.

तणाव्यांच्या, म्हणजे आधाराला वेटोळे घालणाऱ्या तंतूंच्या, बाबतीत हीच कसोटी अवघड होते. वाटाण्यात वरच्या पर्णिका (संयुक्त पानाचे लहान भाग), कळलावीत पानाचे टोक, तर द्राक्षात खोड तणाव्याचे काम करते, याबद्दल फारसा मतभेद नाही. काकडी, दोडका, भोपळा यांचा तणावा मात्र पेरावर (खोडावर पान फुटते त्या जागी) पानाच्या शेजारी, किंचित बाजूला निघतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून त्याला खोड, पान, उपपर्ण (पानाच्या तळाशी येणारा लहान उपांग) किंवा खोड व पान यांचा संयोग असे निरनिराळे मानले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एका जनुकातील बदलामुळे काकडीचे तणावे फांदीसारखे वाढल्याचे आढळले. त्यावरून फांदीच्या बाजूचा पक्ष बळकट झाला आहे. शालेय पातळीवर वाटाणा व द्राक्ष ही उदाहरणे घेऊन काकडीचा प्रश्न वरच्या वर्गासाठी राखणे इष्ट.

जमिनीखालील अवयवांसाठी बटाटा सर्वांत उपयुक्त आहे. भिंगाने पाहिल्यास प्रत्येक डोळ्याखाली भुवईसारखी बारीक कड दिसते. ती खवलेवजा पानाची खूण असून डोळा ही तिच्या बगलेतील कळी होय. डोळे सर्पिलाकार मांडलेले व एका टोकाकडे दाट असतात, म्हणून बटाटा हे खोड ठरते. उजेडात ठेवलेला बटाटा हिरवा पडतो. रताळ्यावर पेरे किंवा खवले नसतात, म्हणून ते मूळ ठरते. मात्र ‘कोंब फुटतो ते खोड’ ही वर्गात प्रचलित असलेली खूण टाळावी, कारण रताळ्यालाही आगंतुक (नेहमीच्या जागी नसलेल्या) कळ्यांतून कोंब फुटतात. कांद्याच्या मांसल पाकळ्या ही पाने असून त्याचे खोड तळाच्या चकतीपुरते असते.

तेरड्याची तोडलेली फांदी लाल शाईच्या पाण्यात ठेवण्याच्या रूढ प्रयोगात पारदर्शक खोडातून रंग चढताना दिसतो. त्यातून पाण्याचे वहन सिद्ध होते, मुळांचे शोषण नव्हे. त्यासाठी मुळांसह उपटलेले रोप घ्यावे लागते.

स्पष्टीकरणाच्या भाषेबाबतही वाद आहे. ‘पाणी वाचविण्यासाठी निवडुंगाने पानांचे काटे केले’ असे सांगितल्याने मुले वनस्पतीला हेतू चिकटवतात, असा आक्षेप घेतला जातो. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांनी १९९९ मध्ये दाखविले की, लहान मुले खडकांच्या टोकदारपणालाही असाच उपयोगाचा हेतू जोडतात. त्यांच्याच गटाच्या २०१४ मधील अभ्यासात चित्रकथेच्या साहाय्याने ५ ते ८ वर्षांच्या मुलांना नैसर्गिक निवडीची मूळ कल्पना समजू शकल्याचे दिसले. त्यामुळे ‘काटे असलेली झाडे कोरड्या जागी अधिक टिकली’ ही मांडणी प्राथमिक वर्गातही पेलण्याजोगी वाटते.