ड्रॅक्युलाची पत्रं आणि त्यावरचे प्रोटीन

ड्रॅक्युला म्हटलं की काळा झगा आणि सुळे दात आठवतात, पण मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त ओढ वाटते ती त्याच्या पत्रांमुळे. १४७५ साली त्याने आजच्या रोमानियातल्या सिबिउ शहरातल्या लोकांना कळवलंय की मी लवकरच तुमच्या शहरात राहायला येतोय. खाली सही ‘ड्राग्वुल्या’. म्हणजे हे नाव ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या कादंबरीकाराने शोधलेलं नाही, हा माणूस स्वतःच तशी सही करायचा.

हा व्लाड तिसरा, आजच्या दक्षिण रोमानियातल्या वालाखियाचा राजा. वडिलांना १४३१ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द ड्रॅगन’ या सरदारांच्या मंडळात घेतलं, तेव्हापासून लोक त्यांना ‘ड्राकुल’ म्हणू लागले आणि त्यांचा मुलगा तो ड्राकुला. पण रोमानियन भाषेत ‘द्राक’ म्हणजे सैतान पण होतो, त्यामुळे ड्रॅगनचा मुलगा पुढे सैतानाचा मुलगा झाला, आपल्याकडे ध चा मा झाला तसंच काहीसं.

व्लाड क्रूर होता का? होता, त्यात काही शंका नाही. लहानपणी तो आणि धाकटा भाऊ राडू ऑटोमन सुलतानाकडे ओलीस होते, १४४७ मध्ये वडिलांचा खून झाला, आणि पुढे गादीवर बसल्यावर ह्याने शत्रूंना सुळावर चढवायचा सपाटा लावला. त्याला ‘त्सेपेश’, म्हणजे सुळावर देणारा, म्हणतात ते त्यामुळेच. १४६२ च्या फेब्रुवारीत हंगेरीच्या राजाला पाठवलेल्या पत्रात त्याने मारलेल्यांचा आकडा दिलाय, २३,८८४, आणि वर लिहिलंय की घरात जळून मेलेले ह्यात धरलेले नाहीत. असा हिशोब वाचून अंगावर काटा येतो. त्याच वर्षी हंगेरीच्या राजाने त्यालाच कैद केलं, आणि नेमकं तेव्हा छपाईचं यंत्र नवीन नवीन आलेलं होतं, त्यामुळे त्याच्या क्रूरपणाच्या जर्मन पुस्तिका पुढची कितीतरी वर्षं छापल्या जात राहिल्या. सुळावरच्या प्रेतांमध्ये बसून जेवणारा व्लाड हे चित्र त्यातलंच. पण मेल्यावर उठून रक्त पिणारा असं त्यात कुठेच नाही.

ते रक्त पिणारं भूत, म्हणजे व्हॅम्पायर, आलं सर्बियातून, तेही जवळजवळ अडीचशे वर्षांनी. १७२५ आणि १७३२ मध्ये तिथल्या दोन गावांत लागोपाठ माणसं मेली, लोकांनी जुनी थडगी उकरली आणि ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी जे पाहिलं ते लिहून ठेवलं: प्रेत फुगलेलं, तोंडाला ताजं रक्त, नवी कातडी, नवी नखं. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं बरं का! मेल्यावर पोटातले बॅक्टेरिया वायू तयार करतात, पोट फुगतं, तो दाब फुप्फुसातला लालसर द्रव तोंडा-नाकातून बाहेर ढकलतो. वरची कातडी सुटून येते आणि खालचा थर ताजा दिसतो. भूत मारायला प्रेताच्या छातीत खुंटी ठोकली की अडकलेली हवा घशातून निघते आणि प्रेत कण्हल्यासारखा आवाज येतो. जमीन थंड असेल तर हे सगळं हळू होतं, म्हणून महिन्याभराने पण प्रेत ‘ताजं’ वाटू शकतं. घाबरलेल्या गावाला हे कोण सांगणार होतं?

ह्या भुताला व्लाडचं नाव चिकटवलं ब्रॅम स्टोकरने, १८९७ मध्ये आलेल्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत. आधी त्याच्या टिपणांत पात्राचं नाव ‘वाम्पिर’ होतं, मग वालाखियावरच्या एका पुस्तकात ड्रॅक्युला शब्द सापडला, त्याचा अर्थ तिथे सैतान दिला होता, झालं.

खऱ्या व्लाडचं शरीर आज नाही. स्नागोव्हच्या मठात त्याची कबर आहे असं लोक मानतात, तिथे १९३३ मध्ये खोदलं तर जनावरांची हाडं निघाली. उरले ते हे कागद. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इटलीतल्या आणि इतर संशोधकांनी त्याच्या तीन पत्रांवर एक खास प्लास्टिकची फिल्म ठेवली, ती कागदाला धक्का न लावता त्यावर चिकटलेले प्रोटीनचे तुकडे उचलते, आणि मग मास स्पेक्ट्रोमीटर त्या तुकड्यांचं वजन मोजून ते कुठल्या प्रोटीनचे ते सांगतो. प्रोटीन जुनं झालं की त्यातल्या काही अमिनो आम्लांमध्ये ठरावीक बदल होतात, त्यावरून जुने तुकडे कालच्या बोटांच्या तुकड्यांपासून वेगळे काढता येतात. मला हे अफाट वाटतं, साडेपाचशे वर्षांपूर्वी हात टेकला आणि तो अजून वाचता येतोय!

त्यात रक्ताशी, श्वसनमार्गाशी आणि डोळ्यांच्या पाण्याशी संबंधित प्रोटीन मिळाले. त्यावरून त्यांचा अंदाज असा की त्याला श्वासाचा काही त्रास असावा आणि कदाचित अश्रूंतून रक्त येण्याचा विकारही. पण पत्र लेखनिकाच्या, जासुदाच्या, सिबिउच्या कारकुनाच्या अशा कितीतरी हातांतून जातं, आणि ते अश्रू व्लाडचेच होते की त्यातल्या दुसऱ्या कुणाचे, एवढं त्या फिल्मला सांगता येत नाही.