शिकारी कार्बाइन (उत्पादन थांबलेल्या)

घोड्यावर बसताना किंवा दाट रानातून चालताना अडचण होऊ नये म्हणून नळी आखूड ठेवलेल्या हलक्या रायफलीला कार्बाइन म्हणतात. शिकारी कार्बाइनची नळी बहुधा १८ ते २० इंचांची असते. उत्पादन थांबलेल्या काही नमुन्यांना संग्राहकांची मागणी वाढून त्यांच्या किमती चढल्या आहेत. ही बाजारपेठ मुख्यतः अमेरिकेतील आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील जुन्या घराण्यांत वारशाने आलेल्या रायफलींमुळे येथेही या विषयाचे कुतूहल आहे, पण येथील किमतीचे गणित निराळे आहे.

रेमिंग्टन कंपनीची ‘मॉडेल ६००’ ही १९६४ ते १९६८ एवढीच वर्षे निघाली. साडेअठरा इंची नळीवरची प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी आणि काडतूस आत सारणाऱ्या बोल्टची (सरकत्या दांड्याची) वाकडी मूठ त्या काळच्या गिऱ्हाइकाला रुचली नाही. आज याच वैशिष्ट्यांसाठी ती शोधली जाते. रुगर कंपनीची ०.४४ मॅग्नम (एक जोरकस काडतूस) वापरणारी स्वयंभरण, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणारी, कार्बाइन १९६१ मध्ये आली आणि १९८५ मध्ये बंद झाली. विंचेस्टरच्या ‘मॉडेल ९४’चे १९६४ पूर्वीचे नग अधिक मोलाचे मानतात, कारण त्या वर्षी खर्च वाचवण्यासाठी घडणीत काटछाट झाली. २००६ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथील विंचेस्टरचा कारखानाच बंद पडल्यावर नंतरच्या नगांचेही भाव वधारले. नळीच्या टोकापर्यंत लाकूड असलेली ऑस्ट्रियाची मॅनलिकर-शोनॉवर १९०३ पासून १९७२ पर्यंत बनली. कारागिरीत तिला तोड नाही, असे म्हणायला हरकत नाही.

बंद पडलेली प्रत्येक बंदूक महाग होत नाही. जाणकार आधी नळी उजेडाकडे धरून आतील खोबणी (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) पाहतात, मग पोलादाची मूळ निळसर झिलई, दस्त्याचे लाकूड आणि स्क्रूंच्या खाचा तपासतात. दुर्बीण बसवण्यासाठी पाडलेले एखादे भोक किंवा हौसेने केलेले नवे पॉलिश किंमत बरीच उतरवते. कोयना-महाबळेश्वरकडच्या पावसाळी हवेत तेलपाण्यावाचून राहिलेल्या नळीला आतून गंजाचे खड्डे पडतात आणि तो दोष पुढे निघत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली. एके काळी जेथे शिकार चाले, ते कोयना व चांदोलीचे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यानंतर खासगी व्यक्तींना परदेशी शस्त्रे आयात करणेही जवळपास अशक्य झाले, त्यामुळे देशात आधीच असलेल्या विदेशी रायफलींना टंचाईचा भाव येतो. उलट, शस्त्र अधिनियमातील २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारसाहक्काच्या परवान्यालाही ती लागू केली. वाड्यातील तिसरी रायफल त्यामुळे संग्रहाची वस्तू न राहता ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची अडचण ठरली. खरेदीदारालाही परवाना लागत असल्याने गिऱ्हाईक मोजकेच असते.

काडतुसांचा प्रश्न तर याहून अवघड आहे. ०.३१५ बोरची (बोर म्हणजे नळीच्या आतील व्यास) काडतुसे पुण्याजवळच्या खडकी येथील सरकारी कारखान्यात बनत असल्याने त्या बोरची साधी देशी रायफलही वापरता येते, तर दुर्मीळ बोरची देखणी विदेशी कार्बाइन काडतुसांअभावी कपाटात पडून राहते.