लंडनच्या गोदी कामगारांचा संप (१८८९) व लोकमत

लंडन बंदरातील गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मजुरी मिळावी म्हणून १४ ऑगस्ट १८८९ रोजी सुरू केलेला संप सुमारे महिनाभर चालला आणि १६ सप्टेंबरला कामगार कामावर परतले तेव्हा त्यांची मुख्य मागणी मान्य झालेली होती. ब्रिटनमधील अकुशल कामगारांच्या संघटनेचा आरंभ म्हणून या संपाचा नेहमी उल्लेख होतो, परंतु लोकमताच्या अभ्यासकाला त्याचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. संप सुरू झाला तेव्हा कामगारांजवळ निधी नव्हता, बहुसंख्य कामगार कोणत्याही संघटनेत नव्हते आणि त्यांच्या जागी उभे राहू शकतील असे हजारो बेकार त्याच वस्त्यांत राहत होते. अशा स्थितीतला संप सहसा आठवड्याभरात मोडतो. हा मोडला नाही, कारण शहरातील मध्यमवर्ग, अनेक वृत्तपत्रे, धर्मगुरू आणि काही मालकसुद्धा कामगारांच्या मागणीला न्याय्य मानू लागले. ही सहानुभूती त्यांच्या पदरात आयती पडली नव्हती. संपकऱ्यांनी ती रोज रस्त्यावर, शिस्तीने कमावली, आणि तिच्या मर्यादाही त्याच महिन्यात दिसून आल्या.

संपापूर्वी लंडनच्या सुखवस्तू समाजात गोदी कामगाराची प्रतिमा वाईट होती. ज्याला दुसरीकडे कुठेही काम मिळत नाही तो शेवटी गोदीच्या दाराशी जातो, असे मानले जाई. त्यामुळे दारू, आळस आणि गुन्हेगारी यांच्याशी त्याचे नाव जोडले गेले होते. फेब्रुवारी १८८६ मध्ये बेकारांच्या सभेनंतर पॉल मॉल भागात झालेली तोडफोड आणि १३ नोव्हेंबर १८८७ रोजी ट्रॅफल्गार चौकात पोलीस व निदर्शक यांच्यात झालेली चकमक लोक विसरले नव्हते. पूर्व लंडनचा जमाव शहरात शिरला की काय होईल, या भीतीची सावली गरिबांविषयीच्या प्रत्येक चर्चेवर असे. त्याच सुमारास चार्ल्स बूथ यांनी लंडनमधील दारिद्र्याची केलेल्या पाहणीचा पहिला खंड १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पूर्व लंडनमधील दारिद्र्य हा दुर्गुणांचा परिणाम नसून अनियमित कामाचा व अपुऱ्या मजुरीचा परिणाम आहे, ही समजूत सुशिक्षितांत रुजू लागली. १८८८ मध्ये आगपेटी कारखान्यातील मुलींनी केलेल्या यशस्वी संपानेही वातावरण बदलले होते.

गोदीतील काम मिळवण्याची रीत अपमानास्पद होती. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहून मुकादमाची वाट पाहतात, तसेच हे कामगार पहाटे गोदीच्या दारात गोळा होत; हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या कामांसाठी शेकडो माणसे एकमेकांना रेटत पुढे सरकत आणि ज्याच्याकडे मुकादमाची नजर जाईल त्याला काम मिळे. ते काम दिवसभर टिकेल याची शाश्वती नसे. कधी तासा-दोन तासांत पाच-दहा पेन्स हातावर टेकवून माणसाला घालवून देत. मिलवॉल गोदीचे व्यवस्थापक कर्नल बर्ट यांनी संपापूर्वी संसदीय समितीपुढे दिलेल्या साक्षीत सांगितले होते की, कित्येक माणसे उपाशीपोटी कामावर येतात, पहिल्या तासाचे पैसे मिळाल्यावर काहीतरी खातात आणि चार वाजेपर्यंत त्यांच्या अंगातले त्राण संपलेले असते. ही साक्ष कोणा आंदोलकाची नव्हती, एका व्यवस्थापकाची होती. म्हणूनच ती झटकून टाकणे कोणाला सोपे गेले नाही.

संपाची ठिणगी ‘लेडी आर्मस्ट्राँग’ या जहाजावरील माल उतरवताना पडली. काम लवकर आटोपल्यास मिळणाऱ्या ‘प्लस’ या जादा रकमेवरून वेस्ट इंडिया गोदीत वाद झाला आणि कामगार बेन टिलेट यांच्याकडे गेले. टिलेट यांची छोटी संघटना चहाच्या गुदामांतील मजुरांची होती. त्यांना टॉम मान आणि जॉन बर्न्स हे समाजवादी कामगार नेते येऊन मिळाले. कार्ल मार्क्स यांची कन्या एलिनॉर पूर्व लंडनच्या पॉपलर भागातील संपाच्या कचेरीत पत्रव्यवहार सांभाळू लागल्या. मागण्या मोजक्या होत्या : तासाला पाचऐवजी सहा पेन्स, जादा वेळेसाठी आठ पेन्स, एकदा कामावर घेतले की किमान चार तासांची मजुरी, आणि उक्त्या कामाची व ‘प्लस’ची पद्धत बंद करणे. जहाजातील माल रचणारे कुशल स्टीव्हडोअर, ज्यांची मजुरीबाबत स्वतःची तक्रार नव्हती, तेही संपात उतरले आणि बंदर ठप्प झाले. संपकऱ्यांची संख्या लवकरच एक लाखाच्या आसपास गेली.

लोकमत बदलण्याचे खरे काम मिरवणुकांनी केले. संपकरी रोज पूर्व लंडनमधून निघत आणि वाद्ये व झेंडे घेऊन व्यापारी शहरातील लेडनहॉल रस्त्यावरच्या गोदी कंपनीच्या कचेरीवरून जात. काठ्यांच्या टोकांना कुजकी माशांची डोकी आणि कांदे खोचलेले असत, म्हणजे गोदी कामगार घरी काय खातो हे दुकानांच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसावे. मालकाचे जेवण आणि कामगाराचे जेवण, मालकाचे गुबगुबीत मांजर आणि कामगाराचे हडकुळे मांजर, अशी सोंगे मिरवणुकीत असत. बघ्यांपुढे पैशाचे डबे फिरत. पांढऱ्या गवती टोपीतले जॉन बर्न्स गर्दीत दुरूनही ओळखू येत. दोन वर्षांपूर्वी ट्रॅफल्गार चौकातील प्रकरणात तुरुंगवास भोगलेला हाच माणूस आता हजारोंचा जमाव शहराच्या श्रीमंत भागातून शांतपणे नेत होता. एकही खिडकी फुटली नाही, दुकाने लुटली गेली नाहीत, पोलीस मिरवणुकीच्या बाजूने चालत राहिले. ज्या जमावाची शहराने धास्ती घेतली होती, तो डोळ्यांसमोरून गेला आणि त्यात भुकेली, फाटक्या कपड्यांतली, पण शिस्तबद्ध माणसे दिसली. या संपातील कोणत्याही भाषणापेक्षा या दृश्याचा परिणाम अधिक झाला, असे म्हणावे लागते.

मागणी छोटी असणेही उपयोगी पडले. सहा पेन्सांचे नाणे चांदीचे असे आणि बोलीभाषेत त्याला ‘टॅनर’ म्हणत. ‘गोदी कामगाराचा टॅनर’ हे शब्द महिनाभर सर्वांच्या तोंडी होते. टॉवर हिलवरील सभेत बर्न्स यांनी या लढ्याला ‘कामगारांचे लखनऊ’ म्हटले. १८५७ मध्ये लखनऊच्या रेसिडेन्सीत अडकलेली इंग्रज शिबंदी सुटकेच्या फौजेची वाट पाहत होती, तसे आपण क्षितिजावर संगिनींची नव्हे, तर त्या चांदीच्या नाण्याची चमक पाहत आहोत, असा त्यांचा आशय होता. भारतीय वाचकाला ही उपमा टोचल्याशिवाय राहत नाही, कारण वेढा घालणाऱ्यांची बाजू तिच्यात कुठेच नाही. तरीही श्रोत्यांना ती लगेच कळली : साम्राज्याच्या अभिमानाची भाषा वापरून बर्न्स यांनी उपाशी मजुराला शत्रूच्या जागेवरून उचलून आपल्या माणसांत आणून बसवले.

वृत्तपत्रांपैकी ‘द स्टार’ने संपासाठी निधी गोळा केला आणि ‘पॉल मॉल गॅझेट’ही कामगारांना अनुकूल राहिले. मालकांत फूट पडली. घाटमालक हेन्री लाफोन यांनी उघडपणे तडजोडीची बाजू घेतली आणि माल अडकून पडल्यामुळे जहाजमालकही गोदी कंपन्यांवर चिडले होते. याच्या मुळाशी एक आर्थिक कारण होते. १८८६ मध्ये टिलबरी येथे नवी गोदी बांधून कंपन्यांनी आपापसांतील स्पर्धेत स्वतःचे नुकसान करून घेतले होते, आणि त्या तोट्याचा भार मजुरांनी का सोसावा, हा प्रश्न व्यापाऱ्यांनाही रास्त वाटत होता.

सहानुभूतीची कसोटी ऑगस्टच्या अखेरीस लागली. निधी आटू लागला तेव्हा संप समितीने लंडनमधील सर्व धंद्यांतील कामगारांना सोमवारपासून काम बंद करण्याचे आवाहन केले. त्याबरोबर वृत्तपत्रांचा सूर बदलला. एका गरीब धंद्याला एक पेनी वाढवून मिळावी असे वाटणे वेगळे आणि साऱ्या शहराचे व्यवहार कामगारांच्या शब्दावर थांबणे वेगळे, ही सीमारेषा त्या दोन दिवसांत स्पष्ट दिसली. समितीने ते आवाहन मागे घेतले. नेमका त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून पैसा येऊ लागला. ब्रिस्बेनमधील घाट कामगारांच्या संघटनेने १५० पौंड पाठवून सुरुवात केली आणि पाठोपाठ इतर शहरांतील संघटना व सामान्य नागरिक यांच्या वर्गण्या आल्या. एकूण जमलेल्या सुमारे ४८,७०० पौंडांपैकी ३०,००० पौंडांहून अधिक रक्कम ऑस्ट्रेलियातील होती. म्हणजे लंडनच्या लोकमताने संपाला मान मिळवून दिला, पण संपकऱ्यांच्या घरची चूल मुख्यतः हजारो मैलांवरून आलेल्या पैशावर पेटली. या दोन गोष्टींची गल्लत केली तर संपाचा अर्थ चुकतो.

तडजोडीसाठी लॉर्ड मेयर (व्यापारी शहराचे नगरप्रमुख) जेम्स व्हाइटहेड यांच्या पुढाकाराने त्यांच्या मॅन्शन हाउस या निवासस्थानी समिती बसली. तिच्यात ८१ वर्षांचे कॅथलिक कार्डिनल मॅनिंग यांचे वजन सर्वांत अधिक पडले. त्यांचे वडील वेस्ट इंडीजशी व्यापार करणारे आणि बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर राहिलेले होते, त्यामुळे मालकांची भाषा त्यांना कळत होती. दुसरीकडे गोदीतील अनेक मजूर आयरिश कॅथलिक असल्याने तेही त्यांचे ऐकत. १० सप्टेंबरला पॉपलरमधील एका कॅथलिक शाळेत संपाच्या नेत्यांशी त्यांची दीर्घ बैठक झाली. वाढीव मजुरी ४ नोव्हेंबरपासून देण्याचे ठरले आणि १४ सप्टेंबरला करार झाला.

हे अनुकूल लोकमत फार काळ टिकले नाही. नव्या गोदी कामगार संघटनेने संघटनेबाहेरच्यांना कामावर घेण्यास विरोध सुरू केला, तेव्हा कालचे सहानुभूतीदार कामाच्या स्वातंत्र्याविषयी बोलू लागले. १८९० मध्ये जहाजमालकांनी स्वतःची संघटना उभारली आणि १८९३ मध्ये हल बंदरातील संप तिने मोडून काढला. १९१२ मध्ये लंडनमध्ये पुन्हा मोठा संप झाला; टिलेट यांनी टॉवर हिलवर बंदर प्राधिकरणाचे प्रमुख लॉर्ड डेव्हनपोर्ट यांच्या मृत्यूसाठी जाहीर प्रार्थना केली. तो संप हरला.

१९२० मध्ये मात्र जुनी युक्ती नव्या रूपात परतली. मजुरीच्या चौकशीसाठी नेमलेल्या शॉ न्यायासनापुढे गोदी कामगारांचे नेते अर्नेस्ट बेव्हिन यांनी, मालकांच्या बाजूने मांडलेल्या अंदाजपत्रकात कामगाराच्या कुटुंबाच्या वाट्याला किती अन्न येते हे दाखवण्यासाठी, बाजारातून जिन्नस आणून शिजवले आणि ते थोडेसे अन्न ताटल्यांत वाढून सर्वांपुढे ठेवले. वृत्तपत्रांनी त्या ताटल्यांची बातमी देशभर नेली आणि न्यायासनाने दिवसाला १६ शिलिंगांच्या किमान मजुरीची शिफारस केली.

१८८९ च्या करारातील किमान चार तासांच्या मजुरीची अट त्या वेळी सहा पेन्सांच्या गाजावाजात झाकली गेली होती. पण गोदीतील खरा रोग कमी दरापेक्षा कामाची अनिश्चितता हा होता, आणि त्यावर कामगारांची नोंदणी करणारी आणि काम नसले तरी हजर राहणाऱ्याला हजेरीभत्ता देणारी योजना ब्रिटनमध्ये १९४७ मध्ये आली. मुंबईच्या गोदीतही टोळीवाल्या मुकादमांमार्फत रोजच्या रोज मजूर घेण्याची रीत होती. भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ मध्ये भारतीय बंदरांत कामगारांची नोंदणी करण्याची शिफारस केली, १९४८ मध्ये गोदी कामगारांच्या रोजगाराच्या नियमनाचा कायदा झाला आणि मुंबईची योजना १९५१ मध्ये लागू झाली.